किल्ली हाती आली, इमारत कधी येणार?
बिल्डरकडून सोसायटीकडे होणाऱ्या हस्तांतरणाचे टप्पे, कागदपत्रे आणि सदनिकाधारकांचे हक्क

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत नव्या सदनिकेचा ताबा मिळणे हा मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यातला मोठा क्षण असतो. वास्तुशांत होते, दारावर नावाची पाटी लागते आणि गृहकर्जाचे हप्ते सुरू होतात. त्या आनंदात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. किल्ली मिळाली म्हणजे घराच्या आतल्या जागेचा ताबा मिळाला. जिना, गच्ची, पाण्याच्या टाक्या, उद्‌वाहन, इमारतीभोवतालची मोकळी जागा आणि इमारत जिच्यावर उभी आहे ती जमीन अद्याप बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्याच नावावर असते. हे सारे रहिवाशांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे रीतसर सोपवले जाईपर्यंत हस्तांतरण अपुरे राहते.

हे हस्तांतरण एका दिवसात होत नाही. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली कारभाराची : संस्था नोंदवली जाते आणि देखभालीची सूत्रे रहिवाशांच्या समितीकडे येतात. दुसरी इमारतीची : नकाशे, परवाने, हिशेब आणि यंत्रणा समितीच्या हाती येतात. तिसरी जमिनीची : अभिहस्तांतरण, म्हणजेच कन्व्हेयन्स होऊन जमीन व इमारत संस्थेच्या नावावर चढते. अनेक सोसायट्या पहिल्या पायरीवरच समाधान मानतात. दरमहा देखभाल शुल्क गोळा होते, पहारेकरी नेमला जातो, गणेशोत्सव साजरा होतो आणि सारे काही आपलेच आहे असे वाटू लागते. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाचा विषय निघतो, तेव्हा मालमत्ता पत्रकावर भलतेच नाव असल्याचे ध्यानात येते.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्रात या विषयावर प्रामुख्याने दोन कायदे आहेत. पहिला महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा १९६३ चा अधिनियम. तो ‘मोफा’ या नावाने ओळखला जातो. दुसरा केंद्राचा २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम, म्हणजेच ‘रेरा’. तो १ मे २०१७ पासून पूर्णपणे अंमलात आला. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक भूखंडावरील आणि आठपेक्षा अधिक सदनिकांच्या प्रकल्पांना रेराखाली नोंदणी आवश्यक आहे. त्या दिवशी ज्यांना पूर्णत्वाचा दाखला मिळालेला नव्हता, अशा चालू प्रकल्पांनाही ती करावी लागली. त्याआधी पूर्ण झालेल्या इमारतींचे व्यवहार मोफाच्या चौकटीत होते.

मोफाच्या कलम १० नुसार संस्थेच्या नोंदणीला लागणारे किमान खरेदीदार मिळताच नोंदणीसाठी अर्ज करणे हे बिल्डरचे कर्तव्य आहे. नियमांनी त्यासाठी चार महिन्यांची मुदत घातली आहे. कलम ११ नुसार मालकीहक्काचे दस्त करून देणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. करारात वेगळी मुदत ठरली नसेल तर संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत ते व्हायला हवे. ही कलमे मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

रेराखालील महाराष्ट्राच्या २०१७ च्या नियमांनी मुदती आणखी आवळल्या. एकूण खरेदीदारांपैकी ५१ टक्के जणांनी सदनिका आरक्षित केल्यापासून तीन महिन्यांत संस्थेच्या नोंदणीचा अर्ज गेला पाहिजे. एकाच इमारतीचा प्रकल्प असेल तर संस्थेच्या नोंदणीपासून एक महिना किंवा भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल तिच्या आत अभिहस्तांतरण झाले पाहिजे. ‘सगळ्या सदनिका विकल्या गेल्या की सोसायटी करू’ हे उत्तर म्हणूनच कायद्याला धरून नाही. मोफानुसार न विकल्या गेलेल्या सदनिकांपुरता बिल्डर स्वतः संस्थेत सामील होतो. संस्था त्याच्यासाठी खोळंबून राहण्याचे कारण नाही.

पहिली पायरी : संस्थेची नोंदणी

नोंदणीचा अर्ज विभागाच्या उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात करावयाचा असतो. मुख्य प्रवर्तकाची निवड, नावाचे आरक्षण आणि बँकेत खाते उघडण्याची परवानगी ही त्याची सुरुवात. प्रत्येक सदस्याकडून भागभांडवलाचे ५०० रुपये व प्रवेश शुल्काचे १०० रुपये घेतले जातात. करारांच्या प्रती, मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकीची कागदपत्रे व आदर्श उपविधी अर्जाला जोडावे लागतात. निबंधकाने दोन महिन्यांत अर्जाचा निकाल लावावा, असे सहकार कायदा सांगतो.

बिल्डरने टाळाटाळ केली तरी मार्ग बंद होत नाही. सदनिकाधारक स्वतः अर्ज करू शकतात. सहकार खात्याच्या भाषेत याला ‘बिल्डरच्या असहकारामुळे नोंदणी’ म्हणतात. निबंधक बिल्डरला नोटीस देतो, त्याचे म्हणणे ऐकतो आणि संस्था नोंदवतो. नोंदणीकृत करारांच्या प्रती आणि सूची क्रमांक दोनचे उतारे सर्वांनी आधीच जमवून ठेवले असतील तर हे काम पुष्कळ सोपे जाते.

नोंदणीनंतर तीन महिन्यांच्या आत पहिली सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. या सभेला केवळ औपचारिक मानू नये. नोंदणीपर्यंतचा जमाखर्च मुख्य प्रवर्तकाने याच सभेपुढे ठेवायचा असतो, हंगामी समिती इथेच निवडली जाते आणि दप्तराचा ताबा घेण्याची प्रक्रिया इथूनच सुरू होते. बिल्डर किंवा त्याचा माणूस मुख्य प्रवर्तक असेल, तर हिशेब व दप्तर किती दिवसांत सोपवायचे याचा स्पष्ट ठराव तारखेसह करून तो इतिवृत्तात नोंदवावा.

पैशांचा हिशेब

ताबा देताना बिल्डर बहुधा एक ते दोन वर्षांचे देखभाल शुल्क आगाऊ घेतो. संस्थेची नोंदणी, वीज व पाणी जोडणी, कायदेशीर खर्च अशा शीर्षकांखाली आणखी रकमा घेतल्या जातात. एका सदनिकेपुरता आकडा लहान वाटतो, पण बेरीज मोठी होते. उदाहरणार्थ, ४० सदनिकांच्या इमारतीत दरमहा ३,००० रुपये दराने २४ महिन्यांचे शुल्क घेतले, तर प्रत्येकी ७२,००० रुपये आणि एकूण २८ लाख ८० हजार रुपये बिल्डरकडे जमा होतात.

हे पैसे बिल्डरचे नव्हेत. मोफाच्या कलम ५ नुसार अशा रकमा स्वतंत्र बँक खात्यात ठेवून ज्या कारणासाठी घेतल्या त्याच कारणासाठी खर्च कराव्या लागतात. संस्थेने सनदी लेखापालाने तपासलेला हिशेब मागावा आणि शिल्लक रक्कम संस्थेच्या खात्यात वळती करून घ्यावी. हिशेब तपासताना तीन प्रश्न विचारावेत. इमारत पूर्ण होण्याआधीचा बांधकामावरील वीज-पाण्याचा खर्च देखभालीत घातला आहे काय? न विकलेल्या सदनिकांचा वाटा त्यात धरला आहे काय? मालमत्ता कर व इतर देणी ताब्याच्या दिवसापर्यंत चुकती आहेत काय? मालमत्ता सोपवण्यापूर्वीची देणी बिल्डरने भरायची आहेत, याविषयी दोन्ही कायदे स्पष्ट आहेत.

संस्थेनेही पहिल्याच वर्षापासून आपले निधी उभारावेत. आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चावर दरसाल किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधीसाठी घ्यायचे असतात. एका सदनिकेचा बांधकाम खर्च १२ लाख रुपये धरला, तर हे अनुक्रमे ३,००० व ९,००० रुपये, म्हणजे दरमहा एकूण १,००० रुपये होतात. शुल्क कमी दिसावे म्हणून सुरुवातीला हे निधी टाळणाऱ्या संस्थांवर दहा-पंधरा वर्षांनी रंगकाम किंवा गळतीच्या वेळी एकदम मोठी वर्गणी काढण्याची पाळी येते.

दुसरी पायरी : कागद आणि यंत्रणा

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत सामाईक जागांसह आवश्यक कागदपत्रे व नकाशे संस्थेला सोपवावेत, असे रेराचे कलम १७ सांगते. ताबा घेताना समितीने पुढील कागद यादी करून, पोच देऊन घ्यावेत :

१. जमिनीचा सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, खरेदीखत, विकसन करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि मालकीहक्काबाबतचा वकिलाचा दाखला.

२. महापालिकेने मंजूर केलेले सर्व नकाशे, त्यांतील वेळोवेळीच्या दुरुस्त्या, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र.

३. वास्तुविशारद व संरचना अभियंत्याची प्रमाणपत्रे, तसेच पाया, स्तंभ व तुळयांचे आराखडे.

४. पाणी, मलनिस्सारण आणि विजेच्या वाहिन्यांचे प्रत्यक्ष कामाप्रमाणे काढलेले नकाशे.

५. उद्‌वाहनाचा परवाना, अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र, आणि प्रकल्प मोठा असल्यास पर्यावरण परवानगी व प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमतीपत्रे.

६. पंप, जनित्र, उद्‌वाहन, सौर यंत्रणा, सांडपाणी प्रक्रिया संयंत्र यांची हमीपत्रे व देखभालीचे करार.

७. सर्व खरेदीदारांची यादी, त्यांच्या करारांचा तपशील व वाहनतळाच्या वाटपाची नोंद.

कागदाइतकीच प्रत्यक्ष पाहणी महत्त्वाची आहे. बिल्डरशी संबंध नसलेल्या अभियंत्याकडून गच्चीचे जलरोधक काम, टाक्यांची गळती, बाह्य भिंतींच्या भेगा, पर्जन्यजल संधारण आणि अग्निशमन यंत्रणा तपासून घ्यावी. त्याचे शुल्क सर्वांत विभागले गेल्यावर फारसे जाणवत नाही. शक्य असल्यास ही पाहणी एक पावसाळा उलटल्यावर पुन्हा करावी, कारण गळती उन्हाळ्यात दिसत नाही. आगीच्या यंत्रणेबाबत २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेकडून दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये प्रमाणपत्र घ्यावे लागते. सूत्रे हाती येताच ही जबाबदारी सोसायटीची होते.

दोष आढळल्यास तो लेखी कळवावा. रेराच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील किंवा सेवांमधील दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. मोफात ही मुदत तीन वर्षांची आहे. ‘इमारत उत्तम स्थितीत मिळाली, कोणतीही तक्रार नाही’ अशा छापील पत्रावर सह्या करण्यापूर्वी समितीने हे लक्षात घ्यावे. त्रुटींची यादी जोडूनच ताबा पावती द्यावी.

भोगवटा प्रमाणपत्र नसेल तर?

भोगवटा प्रमाणपत्राविना राहायला येणाऱ्यांची संख्या शहरांत कमी नाही. त्याची किंमत रहिवाशांना दरमहा मोजावी लागते. मुंबईतील ‘समृद्धी’ गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण या बाबतीत बोलके आहे. सदनिकांचा ताबा १९९७ मध्ये मिळाला, पण भोगवटा प्रमाणपत्र मिळाले नाही. परिणामी मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जादा भरावी लागत होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. भोगवटा प्रमाणपत्र न मिळवणे ही बिल्डरच्या सेवेतील त्रुटी असून ते मिळेपर्यंत ही चूक दररोज चालूच राहते, तेव्हा मुदत उलटल्याच्या कारणाने तक्रार फेटाळता येणार नाही, असे न्यायालयाने ११ जानेवारी २०२२ रोजी स्पष्ट केले. ‘आता फार वर्षे झाली’ म्हणून गप्प बसलेल्या संस्थांसाठी हा निर्णय महत्त्वाचा आहे.

वाहनतळावरून वाद नको

हस्तांतरणाच्या काळात शेजाऱ्यांमध्ये सर्वाधिक कटुता वाहनतळावरून येते. स्तंभांवरील इमारतीखालची, म्हणजे ‘स्टिल्ट’मधील जागा बिल्डर गॅरेज म्हणून स्वतंत्रपणे विकू शकतो काय, हा प्रश्न दहिसरच्या ‘पांचाली’ गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ३१ ऑगस्ट २०१० च्या निकालात न्यायालयाने अशी जागा मोफाखाली गॅरेज ठरत नाही व ती सामाईक सोयीचा भाग आहे, असा निर्वाळा दिला. बिल्डरने कोणाला कोणती जागा कोणत्या कागदाने दिली याची नोंद समितीने सुरुवातीलाच घ्यावी आणि सर्वसाधारण सभेत उपविधींनुसार वाटपाचे धोरण ठरवावे.

तिसरी पायरी : जमीन

सोसायटी नोंदवली गेली म्हणजे जमीन तिची झाली, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. नोंदणी प्रमाणपत्राने संस्था जन्माला येते, मालकी येत नाही. मालकी येते ती अभिहस्तांतरणाचा दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवल्याने. त्यानंतर नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर संस्थेचे नाव लावून घ्यावे लागते.

हे काम टाळण्यात बिल्डरचा किंवा जमीनमालकाचा स्वार्थ काय, हेही समजून घ्यायला हवे. शहरातील जमिनीचे खरे मोल तिच्यावर किती बांधकाम करता येते यात असते. विकास नियमावली बदलून चटईक्षेत्र निर्देशांक वाढला, तर वाढीव बांधकामाचा लाभ मागण्याची संधी ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला राहते. मोकळ्या कोपऱ्यात नवी इमारत, गच्चीवर वाढीव मजला किंवा जमिनीवर कर्ज, अशा शक्यता तोवर जिवंत राहतात. संस्थेच्या बाजूने पाहता, स्वच्छ मालकीशिवाय पुनर्विकासाची बोलणी अडखळतात आणि जमीनमालकाचे वारस, त्यांचे मुखत्यार यांच्याशी नव्याने घासाघीस करावी लागते. विलंब जितका अधिक, तितके सही करणारे विखुरतात. बिल्डर भागीदारी मोडतो, जमीनमालक निवर्ततो, वारस परदेशी जातात.

मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग

यावर उपाय म्हणून राज्याने २००८ मध्ये मोफात सुधारणा करून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची तरतूद केली. बिल्डरने मुदतीत दस्त करून दिला नाही, तर संस्था जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करू शकते. हा अधिकारी येथे सक्षम प्राधिकारी म्हणून काम करतो.

अर्जापूर्वी बिल्डरला नोटीस द्यावी लागते व सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. अर्जासोबत संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र, सदस्यांची यादी, नोंदणीकृत करार व सूची क्रमांक दोन, जमिनीचे उतारे, मंजूर नकाशे, क्षेत्रफळाबाबत वास्तुविशारदाचा दाखला आणि दस्ताचा मसुदा जोडतात. प्राधिकारी बिल्डर व जमीनमालकाला नोटीस देऊन सुनावणी घेतो. अर्जावर सहा महिन्यांच्या आत निर्णय व्हावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. आदेश झाल्यावर मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडून दस्ताचे अभिनिर्णय करून घ्यायचे. सदनिकांच्या करारांवर भरलेले मुद्रांक शुल्क तेथे हिशेबात धरले जाते. बिल्डर सहीला आला नाही, तर एकतर्फी दस्त नोंदवला जातो आणि शेवटी मालमत्ता पत्रकावर संस्थेचे नाव चढते.

दोन सावधगिरीच्या सूचना. ज्या सदस्यांनी पुनर्विक्रीतून घर घेतले, त्यांच्या मागील सर्व करारांची साखळी पूर्ण असावी. अपुरे मुद्रांक शुल्क भरलेला एखादा जुना करार सगळ्यांचे काम अडवू शकतो. दुसरे असे, की प्राधिकाऱ्याची चौकशी संक्षिप्त स्वरूपाची असते. अशा आदेशानंतरही मालकीचा मूळ वाद दिवाणी न्यायालयात नेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून कागद पहिल्यापासून पक्के ठेवावेत.

अनेक इमारतींचे संकुल आणि अपार्टमेंट

एकाच भूखंडावर अनेक इमारती असतील तर प्रत्येक इमारतीची संस्था वेगळी आणि त्या सर्वांची मिळून शिखर संस्था किंवा महासंघ असतो. रेराच्या नियमांनुसार तळघरे व पोडियम वगळून इमारतीचा सांगाडा त्या इमारतीच्या संस्थेला द्यायचा. संपूर्ण जमीन मात्र शेवटच्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्रापासून तीन महिन्यांत शिखर संस्थेच्या नावे करायची. शेवटची इमारत रखडली की जमिनीचा प्रश्नही रखडतो. म्हणून अशा संकुलातील संस्थांनी मंजूर रेखांकनात आपल्या वाट्याची मोकळी जागा, रस्ते, उद्यान आणि क्लबहाऊस कोठे आहेत हे आधीच पाहून ठेवावे आणि रेखांकनात बदल सुचवला गेल्यास एकत्रितपणे हरकत घ्यावी.

पुण्यात अनेक इमारतींत सहकारी संस्थेऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली संघ असतो. तेथे बिल्डर घोषणापत्र नोंदवतो आणि प्रत्येक धारकाला अपार्टमेंटचा स्वतंत्र दस्त करून देतो. त्याच दस्ताने जमिनीतील अविभक्त हिस्साही धारकाकडे येतो. येथे घोषणापत्रातील टक्केवारी, सामाईक जागांचे वर्णन आणि बिल्डरने स्वतःकडे राखलेले हक्क बारकाईने वाचावे लागतात. घोषणापत्र नोंदले गेले, पण वैयक्तिक दस्त झाले नाहीत, तर मालकीचा प्रश्न तसाच राहतो.

एकजूट आणि पाठपुरावा

तक्रारीसाठी दरवाजे अनेक आहेत. नोंदणी व मानीव अभिहस्तांतरणासाठी सहकार खाते, रेरा प्रकल्पातील दोष व विलंबासाठी महारेरा, सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोग. पण यांपैकी कोठेही गेले तरी प्रश्न एकच विचारला जातो : कागद कोठे आहेत? इतिवृत्ते, पत्रव्यवहाराच्या पोचपावत्या, करारांच्या प्रती आणि ठराव ज्या सोसायटीकडे नीट लावलेले आहेत, तिचे काम पुढे सरकते. बदलणाऱ्या प्रत्येक समितीने दप्तर यादीनिशी पुढच्या समितीकडे सोपवावे.

बिल्डरशी वैर धरावे, असा याचा अर्थ नाही. सामंजस्याने दस्त झाला तर दोघांचाही वेळ व खर्च वाचतो आणि अनेक विकासक तो करूनही देतात. मात्र सामंजस्याला तारीख हवी. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर प्रत्येक संस्थेने एक साधा विषय ठेवावा : आपल्या जमिनीच्या मालमत्ता पत्रकावर आज कोणाचे नाव आहे? नगर भूमापन कार्यालयातून त्याचा उतारा काढणे ही या कामाची सुरुवात. नाव दुसऱ्याचे निघाले, तर त्याच सभेत अभिहस्तांतरणाचा ठराव करावा.